नफ्स, बाधा आणि जमाव : सुधीर कक्कर यांचे धर्ममानसशास्त्र आणि माळव्याचा अनुभव

मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात धर्म हा विषय बहुधा स्वतंत्रपणे येत नाही. आला तर पूर्वग्रह किंवा अभिवृत्ती या प्रकरणाच्या शेवटी दोन परिच्छेदांत आटोपला जातो. त्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या घरी मात्र पहाटेच्या अजानपासून किंवा काकड आरतीपासून रात्री लहान भावाच्या गळ्यातील तावीज सरळ करण्यापर्यंत धर्म दिवसभर हजर असतो. परीक्षेची भीती, बहिणीचे मोडलेले लग्न, आजोबांचे आजारपण, मोहल्ल्यातील ताण या सर्वांचा अर्थ घरात धर्माच्या भाषेतच लावला जातो. पाठ्यपुस्तकातील मन आणि घरातील मन यांत असे अंतर पडले की विद्यार्थी दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून मोकळा होतो. परीक्षेत उन्माद आणि वियोजन लिहितो, घरी गेल्यावर "हिला बाहेरचे झाले आहे" हे वाक्य मुकाट्याने ऐकतो.

कम्युनिटी कॉलेजात हे अंतर विशेष जाणवते. तेथे येणारे विद्यार्थी वयाने मोठे, काम करून शिकणारे असतात. त्यांतील कोणी पुढे आरोग्य सहायक होणार, कोणी बालवाडी चालविणार. उद्या त्यांच्यासमोर येणारा माणूस पाठ्यपुस्तकातील भाषा बोलणार नाही. म्हणूनच धर्म आणि मानवी वर्तन यांचा अभ्यास आयुष्यभर करणाऱ्या एका भारतीय मानसशास्त्रज्ञाची कारकीर्द शिक्षकांनी समजून घेणे उपयोगाचे ठरेल. ते मानसशास्त्रज्ञ म्हणजे सुधीर कक्कर (१९३८–२०२४) होत. जन्माने ते पंजाबी. आयुष्याची अखेरची दोन दशके त्यांचे घर गोव्यातील बाणावली येथे होते. त्यांच्या कामाची कसोटी मात्र येथे माळव्यातील धार आणि देवास या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात पाहावयाची आहे, आणि त्याला कारण आहे.

पवार घराण्याच्या संस्थानांमुळे धार व देवास (देवासची तर थोरली आणि धाकटी अशी दोन पाती होती) येथे मराठी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. वाड्यात मराठी, बाजारात माळवी, मोहल्ल्यात उर्दू असा हा प्रदेश आहे. एकाच माणसाच्या दुःखाला येथे तीन भाषांत तीन नावे मिळतात. मराठी घरात "अंगात आले" किंवा "बाधा झाली" असे म्हणतात, उर्दू घरात "असर है", "हाजिरी आती है" असे म्हणतात. बाधा झालेली माणसे देवासच्या चामुंडा टेकडीवरही जातात आणि शेजारच्या रतलाम जिल्ह्यातील जावऱ्याच्या हुसैन टेकरीवरही जातात. हुसैन टेकरीवर लोबानाच्या धुरात बसलेल्यांमध्ये हिंदू कोण आणि मुसलमान कोण हे पाहणाऱ्याला सहज सांगता येत नाही. धार्मिक वर्तनाची नोंद घेणाऱ्या परक्यांचे लक्ष या भागाकडे पूर्वीही गेले होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. तेथे पाहिलेली गोकुळाष्टमी त्यांनी १९२४ च्या कादंबरीत वापरली. ती कादंबरी त्यांनी सर सय्यद अहमद खान यांचे नातू सर रॉस मसूद यांना अर्पण केली, हे अलीगढची परंपरा मानणाऱ्या वाचकांना आठवत असेल. फॉर्स्टर पाहत होते, आणि जिव्हाळ्याने पाहत होते. पण पाहिलेल्याचे शास्त्र करणे हे त्यांचे काम नव्हते.

अभियंता ते मनोविश्लेषक

कक्कर यांची कारकीर्द सरळ रेषेत गेलेली नाही, आणि हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. नैनितालला जन्म, बालपण पंजाबात, वडील सरकारी अधिकारी. अहमदाबादेत यंत्र अभियांत्रिकीची पदवी, नंतर जर्मनीत मॅनहाइम येथे व्यवसाय अर्थशास्त्र, पुढे व्हिएन्ना विद्यापीठाची अर्थशास्त्रातील डॉक्टरेट. या सर्व पदव्यांत मानसशास्त्र कोठेही नाही.

वळण आले ते १९६४ मध्ये. अमेरिकन मनोविश्लेषक एरिक एरिक्सन गांधीजींच्या १९१८ च्या गिरणी संपाचा अभ्यास करण्यासाठी अहमदाबादेत आले होते. तेथे तरुण कक्कर त्यांना भेटले आणि आपल्याला काय व्हायचे आहे हे त्यांना कळले. पुढे हार्वर्डमध्ये त्यांनी एरिक्सन यांच्यासोबत काम केले. एरिक्सन यांचा गांधींवरील ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. एरिक्सन यांचा मुख्य आग्रह असा होता की, माणसाची ओळख ही केवळ त्याच्या डोक्यात तयार होत नाही; घर, समाज आणि इतिहास यांच्या देवघेवीत ती घडत जाते. पुण्यात शिकलेले आणि पुढे कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केलेले आनंद परांजपे हे मराठी मानसशास्त्रज्ञही त्याच दशकात हार्वर्डला एरिक्सन यांच्याकडे गेले होते. परांजपे यांनी जातीय पूर्वग्रहापासून सुरुवात करून पुढे "आत्मा" आणि "स्व" या भारतीय व पाश्चात्त्य कल्पनांची तुलना केली. त्यांचा मार्ग ग्रंथ आणि तत्त्वज्ञान यांतून गेला, तर कक्कर यांचा मार्ग रुग्ण आणि दर्गे यांतून. मराठीत परांजपे यांच्यावरही स्वतंत्र लेख व्हायला हवा.

अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत अध्यापन केल्यावर कक्कर यांनी फ्रँकफर्टच्या सिग्मंड फ्रॉइड संस्थेत मनोविश्लेषणाचे रीतसर प्रशिक्षण घेतले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीत व्यवसाय सुरू केला. काही काळ ते दिल्लीच्या आय.आय.टी.मध्ये मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे विभागाचे प्रमुख होते. शिकागो, हार्वर्ड, मॅकगिल, व्हिएन्ना अशा विद्यापीठांत त्यांनी अभ्यागत म्हणून शिकविले. १९९८ मध्ये त्यांना जर्मनीचे गटे पदक मिळाले. मानसन्मानांची यादी लांबविण्याची गरज नाही. महत्त्वाची गोष्ट ही की, दिल्लीच्या दवाखान्यात बसल्यावर थोड्याच काळात त्यांच्या लक्षात आले, समोरच्या रुग्णाने आधी तीन-चार ठिकाणी उपचार घेतलेले आहेत आणि त्यांतील एकही ठिकाण वैद्यकीय नाही.

पत्तेशाहचा पीर

यातून १९८२ चे त्यांचे पुस्तक जन्मले. त्यात वैदू, भगत, पीर, साधू, तांत्रिक, वैद्य अशा निरनिराळ्या उपचारकर्त्यांचा अभ्यास आहे. पहिलेच प्रकरण दिल्लीतील पत्तेशाह दर्ग्यावर बसणाऱ्या एका पीरबाबांवर आहे. मनोविश्लेषकाने आपल्या समव्यावसायिकाकडे जावे तसे कक्कर बाबांकडे गेले. शेजारी बसले, रुग्ण पाहिले, आणि बाबांना त्यांच्या उपचारामागील विचार विचारला.

येथे उर्दूच्या शिक्षकाला थांबावेसे वाटेल अशी गोष्ट आहे. नफ्स, रूह, कल्ब हे शब्द आपण गझल शिकविताना रोज वापरतो आणि बहुधा "मन, आत्मा, हृदय" असे भाषांतर करून पुढे जातो. पीरबाबांच्या दृष्टीने ते अलंकारिक शब्द नव्हते. रोगाचे निदान करण्याची ती साधने होती. नफ्स म्हणजे माणसाला खाली ओढणारी, हाव, राग, वासना यांची प्रेरणा. ती बळावली, रूह दुबळी झाली की माणूस आजारी पडतो आणि बाहेरच्या शक्तींना आत शिरायला वाट मिळते. सूफी विचारात नफ्सच्या पायऱ्या सांगितल्या आहेत : वाईटाकडे नेणारा नफ्स-ए-अम्मारा, स्वतःला दोष देणारा नफ्स-ए-लव्वामा, आणि शांत झालेला नफ्स-ए-मुत्मइन्ना. ही तिन्ही विशेषणे कुरआनातील आहेत. फ्रॉइडच्या मांडणीतील आदिम प्रेरणा आणि आतून टोचणारी विवेकशक्ती यांच्याशी यांचे नाते लावण्याचा मोह कोणालाही होईल. नाते जोडावे, पण एक फरक विसरू नये. फ्रॉइडच्या योजनेत आदिम प्रेरणा कधी संपत नाही, तिच्याशी तडजोड करावी लागते. सूफी योजनेत नफ्स शांत होऊ शकतो. एकाला माणूस बरा करून कामाला लावायचा आहे, दुसऱ्याला तो अल्लाहकडे वळवायचा आहे. मराठीत "वासना" म्हटले तर नफ्सची अर्धी बाजू येते, "अहंकार" म्हटले तर उरलेली अर्धी येते. संतवाङ्मयातील "मन" हा शब्द कदाचित सर्वांत जवळचा, कारण संतही मनाला रागावतात आणि समजावतातही.

तावीज, दम केलेले पाणी यांचा उपयोग होतो की नाही, हा प्रश्न कक्कर यांनी पहिला प्रश्न म्हणून घेतला नाही. त्यांनी पाहिले ते असे की, रुग्ण आणि पीर एकाच जगात राहतात. दोघांना आजाराचे कारण एकाच भाषेत कळते. पीरावरील विश्वास हाच उपचाराचा मोठा भाग असतो. शहरातील डॉक्टर पाच मिनिटांत गोळी लिहून देतो तेव्हा हा भाग गळून पडतो, आणि रुग्ण परत दर्ग्याकडे वळतो. त्याला अडाणी म्हणून प्रश्न सुटत नाही.

त्याच पुस्तकात राजस्थानातील मेहंदीपूरच्या बालाजी मंदिराचा अभ्यास आहे. तेथे बाधा झालेल्या माणसाच्या वतीने आधी दरख्वास्त द्यावी लागते, नंतर अर्जी, आणि मग देवासमोर भुताची पेशी होते. पेशीत रुग्ण डोलतो, किंचाळतो, भूत आपले नाव-गाव सांगते, गुन्हा कबूल करते. दरख्वास्त, अर्जी, पेशी हे तिन्ही शब्द फारसी-अरबी कचेरीतून हनुमानाच्या मंदिरात आलेले आहेत. हुसैन टेकरीवरची "हाजिरी" त्याच घराण्यातील. मराठी दप्तरातही अर्ज, फिर्याद, हजेरी, जबानी हेच शब्द शतकानुशतके चालत आले. न्याय मिळण्याची सामान्य माणसाची कल्पनाच दरबाराची आहे, आणि ज्या बाईला घरात कोणी बोलू देत नाही तिला या दरबारात भुताच्या तोंडून बोलता येते. नणंदेचा छळ, नको असलेले लग्न, मेलेल्या मुलाचे दुःख, सारे बाहेर येते. दोष मात्र तिच्यावर येत नाही, भुतावर येतो. नातेवाईक शेजारी बसलेले असतात, त्यांनाही विधीत भाग घ्यावा लागतो. कक्कर यांच्या मते हे आधुनिक मानसोपचाराला सहसा साधत नाही, कारण तो माणसाला कुटुंबापासून वेगळा काढून एकट्याला खोलीत बसवितो.

कक्कर यांनी बालाजीला अभ्यासलेल्या २८ रुग्णांपैकी १५ जणांना लागलेले भूत मुसलमान होते, आणि तेच सर्वांत दुष्ट मानले जात होते. हा आकडा मुस्लिम वाचकाला बोचेल, आणि बोचावा. कक्कर त्याचा अर्थ असा लावतात की, जे विचार आणि ज्या इच्छा सोवळ्या घरात स्वतःच्या म्हणून कबूल करणे शक्य नाही (मांस खाण्याची इच्छा, उघड राग, निषिद्ध आकर्षण), त्या सर्व शेजारच्या परक्याच्या नावावर टाकल्या जातात. शेजारी प्रत्यक्षात कसा आहे याचा त्याच्याशी संबंध नसतो. भूत हे त्या घराच्या मनातील अडगळीची खोली असते. हाच नियम उलट दिशेनेही लावून पाहावा लागेल. आपल्या मोहल्ल्यातील बाधेच्या गोष्टींत जिन कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा सांगितला जातो, याची नोंद कोणी केली तर चित्र फार वेगळे निघेल असे मानण्यास आधार नाही.

सहानुभूतीची मर्यादा

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग दर्ग्यावरच उपचार होऊ द्यावेत. तसे म्हणता येणार नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खाजगी आश्रयगृहात आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मेले. त्यांना पळता आले नाही कारण पाय खांबाला बांधलेले होते. श्रद्धेचा आदर करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने ही घटना समोर ठेवूनच बोलले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास कोणत्याही स्वरूपात बंदी घातली आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे वा बांधून ठेवणे हा गुन्हा मानतो.

परंतु कायदा झाला म्हणून रुग्ण दर्ग्यावर जाणे थांबत नाही. पुण्यात बापू ट्रस्टची स्थापना करणाऱ्या भार्गवी दावर यांनी मधुरा लोहोकरे यांच्यासह महाराष्ट्रातील दर्ग्यांचा अभ्यास करून २००९ मध्ये प्रसिद्ध केला. बंदीच्या मागणीपेक्षा तेथे जाणाऱ्या माणसाला काय मिळते ते आधी पाहा, असा त्यांचा रोख होता. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर याच सुमारास "दवा आणि दुआ" या नावाने एक प्रयोग सुरू झाला. दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसू लागले आणि मुजावरांना लक्षणे ओळखून रुग्ण त्यांच्याकडे पाठविण्याचे शिक्षण देण्यात आले. दुआ सोडायची नाही, गोळीही चुकवायची नाही. माळव्यातून मीरा दातारला जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. आरोग्य सहायकाचा अभ्यासक्रम शिकविणाऱ्या शिक्षकाने हा प्रयोग वर्गात अवश्य सांगावा. "हाजिरी" असे सांगणाऱ्या बाईला तो विद्यार्थी पहिला प्रश्न कोणता विचारेल, यावर ती दुसऱ्यांदा आरोग्य केंद्रात येईल की नाही हे ठरणार आहे. झोप लागते का, जेवण जाते का, मरावेसे वाटते का, हे प्रश्न हाजिरीची चेष्टा न करताही विचारता येतात.

"मी"चा "आम्ही" होतो तेव्हा

कक्कर यांचे दुसरे मोठे काम १९९६ च्या ग्रंथात आहे. विषय आहे १९९० च्या अखेरीस हैदराबादेत झालेल्या दंगली. त्याची मुळे त्यांच्या बालपणात आहेत. १९४७ मध्ये ते नऊ वर्षांचे होते, वडील रोहतकला होते, आणि पश्चिम पंजाबातून आलेले नातेवाईक घरात रात्री ज्या कहाण्या सांगत त्या त्यांनी ऐकल्या होत्या. पन्नाशीत ते त्या आठवणींकडे अभ्यासक म्हणून परतले.

हैदराबादेत ते दोन्ही बाजूंच्या वस्त्यांत गेले. पहिलवानांना, म्हणजे दंगलीत पुढे असणाऱ्या तालीमबाज पुढाऱ्यांना भेटले. सामान्य बायका-पुरुषांना भेटले. मुलांना हिंदू आणि मुसलमान वेशातील बाहुल्या देऊन खेळ मांडावयास सांगितले. ही एरिक्सन यांची जुनी पद्धत होती. मोठ्या माणसांना त्यांनी काही प्रश्न विचारले : दुसऱ्या समाजातील माणसाबरोबर जेवणे योग्य की अयोग्य? त्याच्या घरी लग्न जुळविणे? त्याचे दुकान जाळणे? त्याला मारणे? आणि मग तोच प्रश्न पुन्हा : दंगलीच्या काळात? उत्तरे बदलत गेली. शांततेत जे पाप, ते दंगलीत अनेकांच्या लेखी क्षम्य ठरले. पण सर्वच बंधने गळून पडली नाहीत. स्त्रीवरील अत्याचार दोन्ही समाजांतील माणसांनी दंगलीतही अयोग्यच मानला. याचा अर्थ, दंगल म्हणजे नीतीचा पूर्ण लोप नव्हे. ती दुसरी, आकसलेली नीती असते आणि तिचे नियम लोकांना माहीत असतात.

ते नियम लागू होतात केव्हा, याचे कक्कर यांचे उत्तर असे आहे. साध्या दिवशी माणूस एकाच वेळी शिंपी असतो, बाप असतो, कबड्डीचा खेळाडू असतो, कोणाचा तरी कर्जदार असतो. धार्मिक ओळख त्यांतली एक असते आणि बहुतेक वेळ ती निजलेली असते. धोका जाणवला की ती जागी होते आणि इतर सर्व ओळखींना बाजूला सारते. मिरवणुकीत हे सर्वांत लवकर घडते, कारण तेथे शरीर शरीराला लागलेले असते, घोषणा एका सुरात असते, माणसाच्या स्वतःच्या कडा पुसट होतात. राजकारणी लोक याचा फायदा घेतात हे खरे आहे, पण फायदा घेण्याजोगे काहीतरी आत आधीच असते. दंगल म्हणजे केवळ राजकारण्यांचा डाव किंवा धंद्यातील स्पर्धा, असे म्हणून हात झटकणारे स्पष्टीकरण त्यांना अपुरे वाटे.

धारच्या शिक्षकाला हे दूरचे वाटणार नाही. भोजशाला–कमाल मौला परिसराबाबत पुरातत्त्व खात्याने ७ एप्रिल २००३ रोजी आदेश काढून मंगळवारी हिंदूंना पूजेची आणि शुक्रवारी दुपारी मुसलमानांना नमाजाची मुभा दिली. वसंत पंचमी शुक्रवारी आली की एकाच दिवशी दोन्ही. २००६, २०१३ आणि २०१६ मध्ये तसे घडले आणि प्रत्येक वेळी शहर बंदोबस्ताखाली गेले. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथे सर्वेक्षणही झाले. वास्तू कोणाची हा प्रश्न न्यायालयांचा व इतिहासकारांचा आहे. मानसशास्त्राचा प्रश्न निराळा आहे : त्या शुक्रवारच्या आठवड्यात बांगडीवाला, शिकवणीचा मास्तर, दूधवाला यांचे रूपांतर "ते लोक" असे कसे होते, आणि शनिवारी-रविवारी पुन्हा त्याच माणसाकडून दूध कसे घेतले जाते? येथे कमाल मौलांना निजामुद्दीन औलियांच्या परंपरेतील मानतात, आणि ज्या पत्तेशाह दर्ग्यापासून कक्कर यांनी सुरुवात केली तोही दिल्लीच्या निजामुद्दीन परिसरालगतचाच. त्या दर्ग्यावर आणि अशा शेकडो दर्ग्यांवर बाकीचे दिवस दोन्हीकडची माणसे एकाच बाकावर बसतात. दोन्ही गोष्टी त्याच माणसांच्या आहेत. एक खरी आणि दुसरी वरवरची, असे कक्कर कधी म्हणत नाहीत, आणि त्यांच्या अभ्यासाचे मोल येथेच आहे.

त्यांच्या मांडणीत उणिवा आहेत. भारतीय बालपणावरील त्यांचे १९७८ चे पुस्तक मुख्यतः उच्चवर्णीय हिंदू कुटुंबावर आधारलेले आहे, आणि त्यावरून "भारतीय मन" असा शब्द वापरणे धाडसाचे ठरते. हैदराबादच्या मुसलमानांविषयी लिहिताना त्यांनी गमावलेल्या सत्तेच्या शोकाची, "अंदलुस"च्या स्मरणाची गोष्ट केली आहे. निजामाच्या शहरातील जुन्या हवेल्यांना ती लागू पडेल. माळव्यातील विणकर, बागवान, पिंजारी यांच्या वाडवडिलांनी कोणती सत्ता गमावली? त्यांचा शोक असला तर तो मागाचा आणि मजुरीचा आहे. शिवाय पोलीस, पंचनामे, नुकसानभरपाई, न्यायाला लागणारी वर्षे या बाबी मनोविश्लेषकाच्या खोलीत फारशा येत नाहीत, आणि दंगलीनंतर माणसाचे मन कसे घडते यात त्यांचा वाटा लहान नसतो.

तरीही एक भाग वर्गात लगेच वापरता येण्याजोगा आहे, तो म्हणजे अफवांविषयीचे त्यांचे निरीक्षण. १९४७ च्या रोहतकमध्ये आणि १९९० च्या हैदराबादेत, त्रेचाळीस वर्षांच्या अंतराने, अफवांचा साचा तोच होता : दुधात विष, पावात विष. कक्कर याचा संबंध एरिक्सन यांच्या "मूलभूत विश्वास" या कल्पनेशी जोडतात. तान्हे मूल जगावर पहिला विश्वास टाकते तो दुधाच्या घोटातून. भीती शहरात पसरते तेव्हा ती त्याच ठिकाणी हात घालते. म्हणून दुधाची अफवा मनाला इतकी खरी वाटते आणि पुरावा मागण्याचे कोणाला सुचत नाही. आता ती दूधवाल्याच्या दारात येण्याऐवजी मोबाइलवर येते, एवढाच फरक. धार किंवा देवासच्या वर्गात एक साधा उपक्रम करता येईल. ताणाच्या दिवसांत घरात ऐकलेली एक अफवा प्रत्येक विद्यार्थ्याने नाव न घालता चिठ्ठीवर लिहावी : काय ऐकले, कोणाकडून, त्याने कोणाकडून, आणि त्यात खाण्यापिण्याचा, मुलांचा किंवा बायकांचा उल्लेख आहे का. चिठ्ठ्या एकत्र करून फळ्यावर मांडाव्यात. कोणती चिठ्ठी कोणत्या मोहल्ल्यातून आली हे ओळखायला शिक्षकाने विद्यार्थ्यांना सांगावे, आणि किती जणांचे उत्तर चुकते ते मोजून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे.